ग्वाल्हेरात इलेक्ट्रिक कार घेताना: डिसेंबर, मेळा आणि मागच्या वर्षाचा स्टॉक

ग्वाल्हेरात नवी गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास सांगतं, "मेळ्यापर्यंत थांबा." इथल्या व्यापार मेळ्यात गाडीच्या करावर सूट मिळते, म्हणून पेट्रोल-डिझेलच्या गाडीसाठी हा सल्ला पक्का आहे. इलेक्ट्रिक गाडीला तो जसाच्या तसा लावला तर मात्र पैसे वाचण्याऐवजी जाण्याची शक्यता असते. ईव्हीवरचा कर मुळात कमी, तिची बॅटरी आणि किंमत वर्षाच्या मध्येच बदलते, आणि शोरूममधली सगळ्यात मोठी सूट मिळते ती स्टॉकयार्डात उभ्या राहिलेल्या मागच्या वर्षाच्या गाडीवर. पहिल्यांदाच ईव्ही घेणाऱ्याने कोणतं काम कधी करावं, त्या क्रमाने पुढचं सगळं मांडलं आहे.

पहिली पायरी: मेळ्याचा हिशेब कागदावर मांडा

माधवराव शिंद्यांच्या काळात, 1905 साली सुरू झालेला आपला व्यापार मेळा साधारण 25 डिसेंबरच्या सुमारास भरतो आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर राज्य सरकार वाहन करात 50 टक्के सूट देतं, म्हणून सगळ्या मध्य प्रदेशातून लोक गाडी घ्यायला इथे येतात. सूट मिळायची तर गाडीची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच, म्हणजे एमपी 07 क्रमांकानेच व्हावी लागते. बाहेरगावच्या डीलरला ग्वाल्हेर आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मेळ्याच्या मैदानावर प्रत्यक्ष दुकान मांडावं लागतं. या करसवलतीची अधिसूचना दरवर्षी नव्याने निघते. कित्येकदा मेळा सुरू होऊन जातो आणि अधिसूचना जानेवारीत येते, तोवर गिऱ्हाईकं बुकिंग करून वाट बघत बसतात.

आता आकडे घ्या. समजा 12 लाखांची पेट्रोल गाडी आहे आणि तिच्यावर 10 टक्के कर बसतो. कर झाला 1,20,000, निम्मा वाचला म्हणजे 60,000 रुपये हातात. त्यासाठी महिनाभर थांबणं शहाणपणाचं आहे. समजा 15 लाखांची ईव्ही आहे आणि तिला 4 टक्के कर लागतो. कर 60,000, वाचले 30,000. आणि ज्या काळात ईव्हीला पूर्ण करमाफी लागू असेल, त्या काळात निम्मं करायला काही उरतच नाही. राज्याने 2025 मध्ये नवं विद्युत वाहन धोरण आणलं आणि त्यात इंदूर, भोपाळ, जबलपूर, उज्जैन यांच्याबरोबर ग्वाल्हेरलाही आदर्श ईव्ही शहरांत घेतलं. पण अशा धोरणांतल्या करसवलतींना मुदत असते. म्हणून डीलरला एकच प्रश्न विचारा: "आज ही गाडी नोंदवली तर नोंदणीच्या पोर्टलवर कर किती दाखवतो?" त्या आकड्याचा निम्मा म्हणजे मेळ्यासाठी थांबण्याची तुमच्यापुरती किंमत.

ती किंमत मग 1 जानेवारीच्या भाववाढीशी ताडून पाहा. बऱ्याच कंपन्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर करतात की नव्या वर्षापासून किमती वाढणार. 15 लाखांच्या गाडीवर दोन टक्के वाढ झाली तरी 30,000 गेले, म्हणजे वरच्या उदाहरणातली मेळ्याची सगळी बचत संपली. डिसेंबरअखेर डीलर जी स्टॉक-सूट देतो, ती हुकली तर तो तोटा वेगळाच.

मेळ्याचा ईव्हीवाल्याला उपयोग आहे, पण निराळा. भोपाळ-इंदूरचे डीलर आणि आपले स्थानिक डीलर एकाच मैदानात शेजारी शेजारी बसलेले असतात. एका संध्याकाळी चार लेखी कोटेशनं मिळतात. जानेवारीच्या उत्तरार्धात कुणाकडे मागच्या वर्षाची गाडी उरली असेल, तर तिचा सौदा करायला याहून चांगली जागा नाही.

दुसरी पायरी: गाडी कोणत्या वर्षाची, हे कागदावरून ओळखा

अमेरिकेत पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच्या शरद ऋतूतच विकायला येतं आणि गाडी त्या मॉडेलवर्षाने ओळखली जाते. आपल्याकडे तसं नाही. इथे आरसीवर छापला जातो तो उत्पादनाचा महिना आणि वर्ष. फेब्रुवारी 2026 मध्ये घेतलेली गाडी ऑक्टोबर 2025 मध्ये बनलेली असेल, तर ती जन्मभर 2025 ची गाडी. पाच वर्षांनी विकायला काढलीत की पुढचा माणूस आरसी बघूनच भाव बोलेल.

उत्पादनाचा महिना फॉर्म 21 मध्ये, म्हणजे विक्रीच्या प्रमाणपत्रात, लिहिलेला असतो. शिवाय गाडीवर कंपनीची पट्टी असते, बहुधा दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात वर्षासाठी एक इंग्रजी अक्षर येतं: 2023 ला पी, 2024 ला आर, 2025 ला एस, 2026 ला टी. मात्र हे अक्षर कितव्या जागी आहे ते आपल्याकडे कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे केवळ नंबर वाचून निष्कर्ष काढू नका. पैसे भरण्याआधी, ठरलेल्या चेसिस नंबरच्या गाडीचा उत्पादन महिना कोटेशनवर लिहून घ्या. शोरूमच्या भाषेत याला "व्हीआयएन पंचवीस", "व्हीआयएन सव्वीस" असं म्हणतात (व्हीआयएन म्हणजे हाच चेसिस नंबर). तुम्हीही तसंच विचारा. मग समोरच्याला कळतं की या माणसाला स्टॉकचं गणित माहीत आहे.

तिसरी पायरी: गाडी फक्त जुन्या तारखेची आहे की मॉडेलच बदललंय?

माझ्या मते सगळ्या सौद्याचा कणा हाच आहे, आणि घाई होते ती इथेच. पेट्रोल गाडीत वर्ष बदललं तर फार तर दिवे बदलतात, पडदा मोठा होतो. ईव्हीत मात्र बॅटरीच बदलू शकते, आणि ईव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचाच असतो.

गेल्या काही वर्षांत काय झालं ते बघा. टाटा नेक्सॉन ईव्हीचं नवं रूप सप्टेंबर 2023 मध्ये आलं, त्यात मोठी बॅटरी 40.5 किलोवॅट-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) होती. वर्षभराने 45 किलोवॅट-तासांची आली. मधे, फेब्रुवारी 2024 मध्ये, बॅटरी सेल स्वस्त झाले म्हणून टाटाने नेक्सॉन ईव्हीच्या किमती 1.2 लाखांपर्यंत आणि टियागो ईव्हीच्या 70,000 रुपयांपर्यंत उतरवल्या. ज्यांनी जानेवारीत पूर्ण किमतीला गाडी घेतली होती त्यांच्या हातून तेवढे पैसे गेले. एमजी विंडसर सप्टेंबर 2024 मध्ये 38 किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आली आणि मे 2025 मध्ये 52.9 ची 'प्रो' बाजारात उतरली. आठच महिन्यांत.

म्हणून समोरची गाडी तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा.

पहिला प्रकार: गाडी तीच, बॅटरी तीच, रंग तेच, फक्त उत्पादन मागच्या वर्षाचं. अशी गाडी चांगल्या सुटीसह बिनधास्त घ्यावी. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर एका वर्षाचा फरक पुढे फारसा जाणवत नाही.

दुसरा प्रकार: बॅटरी तीच, पण नव्या वर्षात व्हेरिएंटची फेरमांडणी झालेली. एखाद्या मधल्या व्हेरिएंटला आता हवेशीर सीट किंवा कॅमेरा मिळतो. इथे त्या वस्तूची किंमत सुटीतून वजा करून बघायची. ती वस्तू तुम्हाला नको असेल तर हा प्रकार पहिल्यासारखाच धरा.

तिसरा प्रकार: बॅटरी मोठी झाली, चार्जिंगचा वेग वाढला, किंवा कंपनीने किंमतच खाली आणली. इथे वीस-तीस हजारांच्या सुटीला भुलू नका. नवी गाडी त्याच पैशात जास्त पल्ला देत असेल तर जुनी गाडी लाखभराने स्वस्त मिळाल्याशिवाय विचार करू नये, आणि तोही तुमचा वापर गावातल्या गावात असेल तरच. मुरारहून सिटी सेंटर आणि लष्कर भागातून ठाठीपूर एवढंच करायचं असेल तर 30 किलोवॅट-तासांची बॅटरी पुरून उरते. महिन्यातून दोनदा दिल्ली गाठायची असेल तर मोठी बॅटरीच हवी.

वॉरंटीही याच वेळी तपासा. जुलै 2025 मध्ये टाटाने कर्व्ह ईव्ही आणि 45 किलोवॅट-तासांच्या नेक्सॉन ईव्हीला पहिल्या मालकासाठी बॅटरीची आजीवन वॉरंटी लागू केली. नेक्सॉनच्या लहान बॅटरीला ती नव्हती. "टाटाला आजीवन वॉरंटी आहे" हे वाक्य त्यामुळे अर्धवट ठरतं. या चेसिस नंबरच्या गाडीला कोणती वॉरंटी, ती कोणत्या तारखेपासून, आणि दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर तिचं काय होतं, हे तीन प्रश्न लेखी उत्तरासह सोडवून घ्या. इतरत्र 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर ही वॉरंटी सर्रास आढळते.

नवं मॉडेल येऊ घातलंय हे ओळखण्याच्या खुणा असतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून एखादा व्हेरिएंट गायब होतो. रंग दोन-तीनच उरतात. डीलर कारखान्याकडून नवं बुकिंग घेत नाही, फक्त "जो स्टॉक में है वही" म्हणतो. शिवाय जानेवारी हा मोठ्या घोषणांचा महिना असतो. 2025 च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनातच ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिक बाजारात आली. त्या आधीच्या महिन्यात त्याच पट्ट्यातल्या इतर ईव्हींवर घासाघीस करणाऱ्याच्या हातात चांगलं पान होतं.

चौथी पायरी: पंचांग आणि डीलरचं टार्गेट एकत्र मांडा

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी शोरूममध्ये रांग असते. त्या दिवशी घासाघीस होत नाही, फक्त पेढे मिळतात. मुहूर्तावरच गाडी घरी आणायची असेल तर भाव दोन-तीन आठवडे आधी ठरवून, लेखी घेऊन ठेवा आणि मुहूर्ताला फक्त डिलिव्हरी घ्या.

पितृपक्षात शोरूम ओस पडतात. त्याच सुमारास, सप्टेंबरअखेर, तिमाही संपते. दोन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या तर फोनवरसुद्धा भाव उतरतो.

सगळ्यात चांगली खिडकी माझ्या अनुभवात डिसेंबरचे शेवटचे दहा-बारा दिवस. इथे खरमास, म्हणजे शुभकामं टाळायचा काळ, साधारण 16 डिसेंबरपासून मकरसंक्रांतीपर्यंत असतो आणि आपल्या घरांतही पौषात नवी वस्तू नको म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईक थांबलेलं, त्यात बाकीचे मेळ्याची वाट बघत बसलेले, आणि डीलरच्या डोक्यावर 31 डिसेंबर. त्या तारखेनंतर त्याच्या अंगणातली प्रत्येक गाडी एका रात्रीत 'मागच्या वर्षाची' होते. तुमच्या घरी पौषाची अडचण असेल तर भाव डिसेंबरात पक्का करा, बिल-नोंदणी-विमा कधी करायचा ते मोकळेपणाने बोला आणि गाडी संक्रांतीनंतर आणा. मात्र बिल डिसेंबरचं आणि गाडी जानेवारीत असं केलंत तर वॉरंटी आणि विमा कोणत्या दिवसापासून धावतो ते विचारून घ्या, आणि तोपर्यंत गाडी सावलीत, अर्धवट चार्जवर ठेवायला सांगा.

मार्च हा दुसरा पर्याय. आर्थिक वर्षाची अखेर, त्यात जानेवारी-फेब्रुवारीत न खपलेली मागच्या वर्षाची गाडी. आता तिच्यावर डिसेंबरपेक्षाही जास्त सूट निघू शकते, पण निवड उरत नाही. जो रंग, जो व्हेरिएंट असेल तो घ्यायचा.

पाचवी पायरी: उभी राहिलेली ईव्ही तपासून घ्या

ग्वाल्हेरचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो. मे महिन्यात आलेली गाडी डिसेंबरपर्यंत उघड्या स्टॉकयार्डात राहिली असेल तर तिने तो सगळा उन्हाळा सोसला आहे. लिथियम बॅटरीला सर्वांत त्रासदायक स्थिती दोनच: कडक उन्हात पूर्ण भरलेली राहणं, किंवा महिनोन्‌महिने जवळजवळ रिकामी राहणं. त्यामुळे नोंदणीच्या आधी, गाडी अजून डीलरच्या नावावर असतानाच, दिवसाच्या उजेडात तपासणी करा.

गाडी चालू करून चार्ज किती टक्के आहे ते बघा. दोन-चार टक्क्यांवर असेल तर किती दिवस तशी आहे ते विचारा. ती पूर्ण चार्ज करायला लावा आणि दुसऱ्या दिवशी परत या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत बराच काळ उभं राहिल्यावर टक्क्यांचा काटा चुकीचं दाखवू शकतो, पूर्ण चार्ज झाल्यावर तो ताळ्यावर येतो. घरचा चार्जर आणि डीसी फास्ट चार्जर, दोन्हींवर गाडी चार्ज होते का हे प्रत्यक्ष बघा. फास्ट चार्जरवर दहा मिनिटं लावली तरी दोष असेल तर बहुधा तेवढ्यात दिसतो. सर्व्हिस विभागाकडून बॅटरीचा निदान-अहवाल मागा. यंत्र त्यांच्याकडे असतंच.

ईव्हीत एक छोटी 12 व्होल्टची बॅटरीही असते आणि उभ्या गाडीत आधी तीच मरते. ती बदललेली नसेल तर नवी मागा, डीलरला हा फार मोठा खर्च नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो: 2225 म्हणजे 2025 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडीच्या तारखेशी तो जुळतोय का ते पाहा, आणि एका जागी उभं राहून टायर चपटा झालाय का तेही. ओडोमीटरवर शंभराच्या वर किलोमीटर दिसले तर ती गाडी टेस्ट ड्राइव्हला फिरली असण्याची दाट शक्यता. डेमो गाडीचा भाव निराळा असतो. सॉफ्टवेअर ताजं करून घ्या, चार्जिंग केबल डब्यासकट आहे ना तेही पाहा.

सहावी पायरी: कोटेशनच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा

'ऑन-रोड इतके', म्हणजे कर-विमा-नोंदणीसकट, असा एकच आकडा कधीच स्वीकारू नका. ओळी सुट्या करून घ्या.

एक्स-शोरूम, म्हणजे वाहन कर आणि विम्याआधीच्या, किमतीत ईव्हीचा 5 टक्के जीएसटी धरलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, ईव्हीवरचा होता तेवढाच राहिला. त्यामुळे दोन्हींमधलं अंतर घटलं आणि ईव्ही विकणाऱ्यावर दडपण वाढलं. त्याच गाडीच्या पेट्रोल रूपाचं कोटेशन हातात ठेवा, कामाला येतं.

सूट बिलावरच दाखवायला सांगा. नंतर देऊ, खात्यात टाकू, ॲक्सेसरीजमध्ये जमवू, असं ऐकलं तर थांबा. रोख सूट, एक्सचेंज बोनस, जुनी गाडी भंगारात काढल्याचा बोनस, कंपनीच्या किंवा सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची सूट, या वेगवेगळ्या योजना असतात आणि त्यांतल्या कोणत्या एकत्र मिळतात ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

किंमत 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस लागतो. हा खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ आयकर आहे. नोंदणी शुल्क ईव्हीला केंद्राच्या ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने माफ आहे, म्हणून 'रजिस्ट्रेशन' या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर पावती मागा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' ही सरकारी रक्कम नव्हे. ती सरळ काढायला सांगा.

विम्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी भाग सक्तीचा आहे आणि त्याचे दर ठरलेले आहेत. ईव्हीत ते मोटरच्या किलोवॅटवर ठरतात. घासाघीस करायची ती उरलेल्या भागावर, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर. बाहेरच्या कंपनीकडून त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं) कोटेशन काढा. विमा कुणाकडून घ्यायचा हा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. डीलरला त्यात कमिशन असतं, त्यामुळे बाहेरचा आकडा दाखवला की त्याचा आकडा बहुधा खाली येतो. बॅटरी आणि चार्जर विम्यात धरले आहेत का, हे मात्र स्वस्त पॉलिसी निवडण्याआधी वाचा.

'बॅटरी भाड्याने' ही योजनाही समोर येईल. विंडसर सुरुवातीला 9.99 लाख अधिक किलोमीटरमागे 3.5 रुपये अशी आली, बॅटरीसकट तिची किंमत 13.5 लाख होती. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर 3,500 रुपये भाडं, शिवाय वीज वेगळी. किमान किती किलोमीटरचं भाडं भरावंच लागतं आणि गाडी विकताना बॅटरीचं काय होतं, हे विचारून मगच ठरवा.

कुणी आयकरातल्या 80ईईबी कलमाची दीड लाखाची व्याज-वजावट सांगितली तर ती फक्त 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती. केंद्राचं अनुदानही खाजगी मोटारींना नाही. ही दोन्ही आश्वासनं हिशेबात धरू नका.

सातवी पायरी: प्रत्यक्ष बोलणी

आधी तुमचा आकडा ठरवा. त्यासाठी जुन्या गाड्यांच्या बाजारात तेच मॉडेल, तोच व्हेरिएंट, जवळपास तेवढंच चाललेलं, पण उत्पादन एका वर्षाच्या अंतराचं अशा जोड्या शोधा. त्यांच्या भावांतला फरक म्हणजे 'एक वर्ष जुनी' असण्याची बाजाराने ठरवलेली किंमत. मागच्या वर्षाच्या गाडीवर निदान तेवढी सूट मिळायलाच हवी, आणि ती चालू महिन्याच्या सर्वांसाठी असलेल्या योजनेच्या वर. हा हिशेब मांडून बोलणाऱ्याला नुसतं "कुछ और कम करो" म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं उत्तर मिळतं.

मग निदान तीन ठिकाणची कोटेशनं. आग्रा आणि झांशी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत, पण ती उत्तर प्रदेशात. त्या राज्याने 2022 च्या धोरणात ईव्हींना करमाफी दिली. ती लागू असेल तेव्हा तिथला ऑन-रोड आकडा बघून जीव हरखतो. तुमचा पत्ता ग्वाल्हेरचा असेल तर गाडीला मध्य प्रदेशचेच नियम लागतील. दोन राज्यांची तुलना नेहमी एक्स-शोरूम वजा सूट या आकड्यावर करा.

बोलणी साधारण अशी जातात:

"सर, ये आखिरी पीस है, आज शाम तक कोई ले जाएगा।"

"ठीक है। इसका मैन्युफैक्चरिंग महीना कोटेशन पर लिख दीजिए, और डिस्काउंट बिल में दिखाइए। भोपाल वाले इतना दे रहे हैं, ये देखिए।"

आवाज चढवायचा नाही, अपमान करायचा नाही. समोरचा मुलगा पगारावर आणि टार्गेटवर काम करतो. आकडा त्याच्या हातात नसेल तर सेल्स मॅनेजरशी बोलायला बसवा असं नम्रपणे सांगा. गाडीचा भाव ठरेपर्यंत कर्जाचा आणि जुन्या गाडीचा विषय काढू नका. तिन्ही एकत्र आले की एका खिशात दिलेलं दुसऱ्यातून निघतं. कर्जाचा दर आधीच आपल्या बँकेतून काढून ठेवा. स्टेट बँकेसारख्या काही बँका ईव्हीसाठी वेगळं कर्ज देतात.

रोख सूट थांबली की वस्तूंकडे वळा, आणि तिथे कामाच्या वस्तू मागा. सीट कव्हर आणि अत्तराच्या बाटल्यांपेक्षा वाढीव वॉरंटी, नवी 12 व्होल्टची बॅटरी, पहिल्या वर्षाचा विमा आणि घरच्या चार्जरची पूर्ण बसवणी यांना खरी किंमत आहे. चार्जरच्या 'मोफत बसवणी'त वायर ठरावीक मीटरचीच असते. लष्करातल्या जुन्या वाड्यात मीटर दिंडीजवळ आणि गाडी मागच्या चौकात असेल तर जादा वायरचं बिल चांगलंच होतं. ते डीलरवर घाला. 7.2 किलोवॅटचा चार्जर लावायचा तर मंजूर भार वाढवावा लागेल, त्याचा अर्ज मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे बुकिंगच्याच आठवड्यात करा.

भाव पटला नाही तर उठा. मागच्या वर्षाची गाडी अंगणात असलेला डीलर दोन-तीन दिवसांत फोन करतो. नाही आला तर तुमचा आकडा जरा जास्तच खाली होता असं समजा आणि थोडं वर सरका.

आठवी पायरी: बुकिंग आणि कागद

बुकिंगच्या पावतीवर चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना, ठरलेली सूट, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत, एवढं हवंच. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत बहुधा 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं छापलेलं असतं. म्हणजे जानेवारीची वाढ तुमच्या माथी. डिसेंबरात बुक केलेल्या स्टॉकच्या गाडीला ही अट लागू नाही, आणि डिलिव्हरीआधी कंपनीने किंमत उतरवली तर उतरलेली किंमत मिळेल, अशा दोन ओळी शिक्क्यासह लिहून घ्या. नकार मिळाला तर बुकिंगची रक्कम लहानात लहान ठेवा. मेळ्याच्या सुटीवर विसंबून बुक करत असाल तर अधिसूचना निघाली नाही तर पूर्ण पैसे परत, हेही त्यातच.

डिलिव्हरीच्या दिवशी फॉर्म 21 वरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघा. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे, ही खाजगी ईव्हीची नंबरप्लेट लावूनच गाडी बाहेर काढा. विम्यात इंधनाच्या जागी 'इलेक्ट्रिक' आणि उत्पादनाचं वर्ष बरोबर आहे ना, ते तिथेच वाचा, कारण वर्ष चुकलं तर दाव्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात. वॉरंटीचं कार्ड आणि कंपनीच्या ॲपमध्ये तुमच्या नावाची नोंद त्याच दिवशी करून घ्या. आजीवन वॉरंटी पहिल्या मालकाच्या नावाला बांधलेली असते.

टीसीएस भरला असेल तर डीलरने तुमचा पॅन बरोबर घातला का ते पुढच्या तिमाहीनंतर आयकर संकेतस्थळावरच्या तुमच्या जमा कराच्या तपशिलात पाहा. आकडा दिसत नसेल तर विवरणपत्र भरायच्या आधी डीलरच्या हिशेब विभागाकडून दुरुस्ती करून घ्या. 15 लाखांच्या गाडीवर ते 15,000 रुपये तुमचेच आहेत.